अकरा नंबरचं खरेदीखत

नेस्टा हॉपकिन आमच्या बेथेल रांगेत, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीत, अकरा नंबरात राहते, मी बारात. मधली भिंत एका विटेची. चाळीस वर्षांत तिच्या घरातलं मला कळलं नाही असं फारसं काही नाही, आणि माझ्या घरातलं तिला. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सव्वीस वर्षं काढली. बोलणं बेताचं, काम चोख, आणि कुणाच्या ताटात कमी-जास्त पडलेलं तिला अजिबात खपायचं नाही. कोळसा खाणींच्या संपाच्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात कुणाच्याच घरी पगार येत नव्हता, तेव्हा चॅपलमागच्या हॉलमध्ये रोज दीडशे-दोनशे माणसांचं जेवण तिच्या हाताखाली व्हायचं.

तिचा नवरा ब्रिन त्या संपात होता. हेडन पॅरीही होता. ब्रिन आणि हेडननं खाणीत खाली अकरा वर्षं जोडीनं काम केलं होतं, एका डब्यातलं खाल्लं होतं. संपाच्या अकराव्या महिन्यात हेडन कामावर परत गेला. खिडक्यांना जाळी बसवलेली बस, पुढेमागे पोलीस. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो. लोकांनी शिव्या घातल्या, कुणी अंडी फेकली. ब्रिननं यातलं काहीच केलं नाही. तो घरी आला, शेगडीसमोर बसला, आणि त्या दिवसानंतर हेडनचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही. पाच आठवड्यांनी संप मोडलाच. पण हेडनच्या दाराला रंग फासला गेला, त्याच्या मुलीच्या शेजारी शाळेत कुणी बसेना. दोन वर्षांच्या आत तो बायको-मुलांना घेऊन समुद्राकाठी पोर्थकॉलला निघून गेला.

अकरा नंबरचं घर हेडनच्या आत्याचं होतं, मिस पॅरीचं. नेस्टा आणि ब्रिन तिचे भाडेकरू. संपाच्या वर्षभर बाईनं त्यांच्याकडून भाडं घेतलं नाही, आणि नंतरही कधी त्याचा विषय काढला नाही. ती वारली तेव्हा घर हेडनकडे गेलं. तो ते विकणार होता, आणि राहत्या भाडेकरूंना त्यानं वकिलामार्फत आधी विचारलं. ब्रिनला तेव्हा फुप्फुसातल्या धुळीची भरपाई मिळाली होती. तो म्हणाला, घर मी आत्याबाईंकडून घेतोय, मध्ये वकील आहेत, मला कुणाचं तोंड बघायचं नाही. आणि खरंच, दोघं एकमेकांसमोर न येता सगळा व्यवहार झाला.

त्यांचा वकील होता व्हॉइल. चौकातल्या बँकेच्या वर त्याची कचेरी. खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांची मृत्युपत्रं आणि घरांची कामं तोच करायचा, चॅपलमध्ये गायचाही सुरेख. त्यानं पैसे घेतले, समोरच्या वकिलाकडे पोचवले, चावी दिली, आणि व्यवहार पूर्ण झाल्याचं अभिनंदनाचं पत्र पाठवलं. ब्रिननं त्याच आठवड्यात दाराला हिरवा रंग दिला. ब्रशच्या दर दोन फटकाऱ्यांनंतर दम खायला थांबत होता, पण मला हात लावू देईना.

आता खरेदीखत सरकारी नोंदणीत पाठवणं एवढंच उरलं होतं. एक अर्ज, एक पाकीट. ते व्हॉइलनं पाठवलं नाही. पुढच्या वर्षी वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची माणसं आली, कचेरीची कुलपं बदलली, आणि फायलींची खोकी गाडीत भरून घेऊन गेली. व्हॉइलनं बऱ्याच जणांची कामं अशीच टेबलावर ठेवली होती म्हणे. दाराला नोटीस लागली. आम्ही ती वाचली, बिचाऱ्याची तब्येत बिघडली असेल म्हणालो आणि पुढे गेलो. आपलं काम झालंय, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

सात वर्षांनी ब्रिनला जिना चढवेना. नाकात ऑक्सिजनची नळी, पलंग पुढच्या खोलीत आणलेला. न्हाणीघर आणि संडास वर, तेरा पायऱ्या चढून. खाली मागच्या बाजूला संडास आणि शॉवर बांधायला कौन्सिल अनुदान देतं, म्हणून नेस्टानं अर्ज केला. कौन्सिलचा माणूस निवृत्तीला आलेला, सभ्य होता. त्यानं मापं घेतली, चहा घेतला, काम महिन्या-दीड महिन्यात उरकेल म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला तेव्हा मी तिथेच होते.

"मिस्टर हॉपकिन, एक लहानशी अडचण आहे," तो म्हणाला. "अर्जात तुम्ही स्वतःला मालक लिहिलंय. नोंदणीत मालकाचं नाव हेडन पॅरी आहे."

ब्रिन कोपरावर जोर देऊन पलंगावर उठून बसला.

"पण त्यानं काही अडत नाही," त्या माणसाला वाटलं आपण धीरच देतोय. "भाडेकरूलाही अनुदान मिळतं. घरमालकाची संमतीची सही आणा, की झालं. किती वर्षं भाड्यानं आहात इथे?"

ब्रिननं नाकातली नळी काढली. नळी काढून त्याला दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नसे. "हे माझं घर आहे," तो म्हणाला. "बाहेर व्हा."

तो माणूस गेल्यावर नेस्टानं नळी परत लावायला हात पुढे केला, तर त्यानं तिचा हात बाजूला सारला. मग स्वतःच लावली, पण त्याला ती नीट लावता येईना, आणि आम्ही दोघी ते पाहत उभ्या होतो.

नेस्टानं व्हॉइलच्या बंद कचेरीचा माग काढला. संस्थेला पत्र, मग त्यांनी दिलेल्या दुसऱ्या पत्त्यावर पत्र, मग फोन, ज्यावर एक बाई दर वेळी तिची जन्मतारीख विचारायची. सहा आठवड्यांनी इंग्लंडातल्या कुठल्याशा गोदामातून खोकं आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ते उघडलं. पैसे पोचल्याची पावती होती, करारनामा होता, ब्रिनची सही होती, हेडनचीही होती. फक्त मूळ खरेदीखत नव्हतं. त्याची झेरॉक्स होती, आणि तिच्यावर व्हॉइलच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पाठवणे'.

नवी वकील बेथन पॉन्टिप्रिड गावची, तिशीतली, हुशार. तिनं सगळं वाचून सांगितलं की घर तुमचंच आहे, यात कुणाला शंका नाही, पण नोंदणीवाल्यांना झेरॉक्स चालत नाही. एकतर विकणाऱ्यानं नव्या खरेदीखतावर पुन्हा सही करायची, नाहीतर कोर्टाकडून हुकूम आणायचा. कोर्टात तुम्ही जिंकाल, पण वर्ष तरी जाईल. मग तिनं चष्मा काढून नेस्टाला हळूच विचारलं, मिस्टर हॉपकिनना वर्ष आहे का? नेस्टा म्हणाली, नाही.

"मग कौन्सिलच्या कागदावर पॅरींची संमती घ्या. नोंदणीत आज ते मालक आहेत, तेवढं पुरेल. संडास तरी होऊ दे. मालकीचं मी मागाहून बघते."

त्या रात्रीच्या जेवणाला नेस्टानं विषय काढला. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी ऐकत होते.

"एक सही, ब्रिन. पुढच्या महिन्यात खाली सगळी सोय होईल."

"त्याचा भाडेकरू म्हणून?"

"फक्त कागदावर रे."

"तो परत कामावर गेला तेव्हा पण फक्त कागदावरच सही केली होती, नेस."

"मग मी काय करू? बादली घेऊन तेरा पायऱ्या दिवसातून सहा वेळा मी चढते. माझं वय अडुसष्ट आहे."

त्यावर तो काय बोलला ते ऐकू आलं नाही.

बेथननं हेडनला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला नेस्टा माझ्याकडे आली. तिनं कोट घातला होता, पिशवीत ब्रिन आणि तिच्या, दोघांच्या नावाचं नवं खरेदीखत आणि कौन्सिलचा कागद. म्हणाली, "डिलिस, गाडी काढ. ब्रिनला सांगितलंय की आपण तुझ्या दातांच्या डॉक्टरकडे जातोय."

हेडन समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एकमजली घरात राहत होता. बायको ग्वेंडा जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानं दार उघडलं आणि तो आमच्याकडे न बघता आमच्या मागे रस्त्याकडे बघू लागला. गाडीत अजून कुणी बसलंय का ते बघत असावा. त्याच्याही खुर्चीशेजारी ऑक्सिजनचं तसलंच यंत्र होतं. धूळ दोघांनी एकाच ठिकाणची खाल्ली होती.

नेस्टानं इकडचं तिकडचं काही न बोलता कागद टेबलावर ठेवले. काय झालं ते सांगितलं. त्यानं दोन्ही कागद सावकाश वाचले.

"पैसे मला मिळाले," तो म्हणाला. "घर तुमचं आहे. वाद नाही."

"मग सही कर."

"ब्रिनला सांग, फोन कर म्हणावं."

"तो करणार नाही."

"एक फोन, नेस्टा. हेडन, मला तुझी सही हवी आहे, एवढं म्हणू दे. मी मैत्री मागत नाही. चौतीस वर्षं झाली. त्यानं माझं नाव घ्यावं."

"त्याला बोलताना दम लागतो."

"मलाही लागतो."

नेस्टानं विचारलं, ग्वेंडाचं बाळ त्या जानेवारीत किती आजारी होतं ते तू ब्रिनला कधी सांगितलंस का? हेडन म्हणाला, सांगायला तो थांबला कुठे? आणि तू तरी सांगितलंस का? मी कामावर परतलो त्याच्या आदल्या दिवशी ग्वेंडा तुझ्याकडेच आली होती ना, हॉलमध्ये, दूध मागायला. तुला माहीत होतं मी का जातोय.

मला हे नवीन होतं. नेस्टाचा चेहरा पाहून मी दुसरीकडे बघू लागले.

"मी दूध दिलं तिला," नेस्टा म्हणाली.

"दिलंस. ती मरेपर्यंत ते म्हणायची." त्यानं कागद एकावर एक नीट लावले. "राहू देत इथे. तो फोन करेल तेव्हा मी सही करीन."

परतीच्या वाटेवर आम्ही पाइल गाव ओलांडलं. मग नेस्टा म्हणाली की बाळाचं तिनं ब्रिनला सांगायला हवं होतं. तेव्हाच, पंच्याऐंशी साली. पण त्या दिवसांत हेडनच्या बाजूनं एक शब्द काढणं म्हणजे आपल्याच दाराला रंग फासून घेणं होतं, आणि नंतर फार उशीर झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, अजून सांग. तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. पोर्थकॉलला जाऊन आल्याचं, फोनचं, बाळाचं, दुधाचं, सगळं. ब्रिन चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, बाळं सगळ्यांच्याच घरी होती.

फोन त्याच्या उशाशीच होता. ख्रिसमस आला, गेला. नेस्टानं दोनदा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला, दोन्ही वेळा त्यानं तो पालथा ठेवला. बेथननं कोर्टात अर्ज टाकला, मे महिन्याची तारीख मिळाली. नर्सनं खुर्ची आणून दिली, खाली भांडं असलेली, ती पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीपाशी ठेवावी लागली कारण दुसरीकडे जागा नव्हती. पडदे दिवसभर बंद. अंगानं एवढा मोठा माणूस, आणि बायको काखेत धरून उठवतेय, तर तो डोळे मिटून घ्यायचा. भिंतीपलीकडे मी रेडिओ मोठा करायचे. त्यालाही कळत असणार मी का करते ते.

त्याच दिवसांत नेस्टाला दुकानात व्हॉइल भेटला. टोमॅटो निवडत होता. वकिली त्याची कधीच काढून घेतली होती, पण तब्येत छान दिसत होती. मिसेस हॉपकिन ना, म्हणाला, कसं चाललंय, मिस्टर हॉपकिन कसे आहेत? नेस्टानं त्याला सरळ विचारलं की ते एक पाकीट का नाही पाठवलंत. तो म्हणाला, तो काळ माझ्यासाठी फार वाईट होता, तुम्हाला कल्पना नाही. एवढं बोलून त्याचे डोळे खरंच भरून आले. नेस्टा मला म्हणाली, "मी त्याला माझा रुमाल दिला गं. घरी येईपर्यंत मला कळलंच नाही मी काय केलं ते."

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी, नर्स यायच्या आधी ब्रिन गेला. खुर्चीवरून पलंगावर नेताना, तिच्या हातात. तिनं भिंतीवर दोनदा थाप मारली आणि मी गेले. पहिल्यांदा आम्ही त्याला नीट झोपवलं, कपडे बदलले, मग फोन केले. अंत्यविधीला चॅपल भरलं होतं. खाणीतली उरलेली नऊ माणसं आली होती, त्यातली चार काठी टेकत. हेडन आला नाही. आला असता तरी आत घेतला नसता.

पुढच्या आठवड्यात जाड पाकीट आलं. पोर्थकॉलचा शिक्का. आत खरेदीखत, हेडनची सही केलेलं. कौन्सिलचा कागदही सही करून. चिठ्ठी नव्हती. साक्षीदार म्हणून त्याच्या शेजारणीची सही होती, ती जुनी शाळामास्तरीण असावी, कारण कुणी न सांगता तिनं दोन्ही कागदांवर सहीखाली नीट तारीख घातली होती. चौदा नोव्हेंबर.

नेस्टानं तारीख वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. आम्ही तिथून आल्यावर आठ-नऊ दिवसांतच त्यानं सही केली होती. बेथनला फोन केला तर ती म्हणाली, बरंच झालं म्हणायचं, सही मिस्टर हॉपकिन हयात असतानाची आहे, म्हणजे नवं खरेदीखत करायला नको, मृत्यूचा दाखला जोडला की काम होईल. नेस्टानं तिचे आभार मानले, फोन ठेवला, आणि लगेच पोर्थकॉलचा नंबर फिरवला. मी उठून जाऊ लागले तर तिनं बोटानं बस म्हणून सांगितलं.

"कागद मिळाला," ती म्हणाली. "सही नोव्हेंबरची आहे."

तिकडून काहीतरी लहानसं उत्तर आलं.

"मग तीन महिने काय करत होतास?"

तो बराच वेळ बोलत होता. त्याचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. नंतर तिनं मला सांगितलं. त्याचं म्हणणं, पाकीट तयार करून दाराजवळ ठेवलं होतं, फोन आला की त्याच दिवशी टाकणार होतो. दुपारी बाहेर जायचंसुद्धा टाळत होतो, ब्रिन दुपारीच करेल असं वाटायचं.

"तो दुपारी खिडकीपाशी भांड्यावर बसलेला असायचा, हेडन," नेस्टा म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मी धरून. बाहेरून लोक जाताहेत आणि मी एका हातानं पडदा धरलाय. संमतीच्या कागदावर तुझी सही होती. तो कागद तुझ्या दाराजवळ होता. डिसेंबरात आमच्याकडे संडास झाला असता."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला त्यानं तुझं नाव घ्यायला हवं होतं. त्याला तुझं नाव घ्यायचं नव्हतं. आणि मी दोघांच्या मध्ये बादली घेऊन." तिनं फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मी ब्रिनलाही म्हणायला हवं होतं. त्याला म्हटलंच नाही."

बेथननं कोर्टातला अर्ज मागे घेतला, कागद नोंदणीत पाठवले. कौन्सिलच्या त्या सभ्य माणसाचं पत्र आलं की अर्जदार हयात नसल्यानं प्रकरण बंद करत आहोत, सहानुभूती कळवतो. जूनमध्ये नोंदणीचा उतारा आला. नेस्टानं तो मला वाचायला दिला. मालक, नेस्टा मे हॉपकिन. तिनं विचारलं, ब्रिनचं कुठे आहे? मी दोन्ही बाजू पाहिल्या. नव्हतं.

तिला ते पटेना. तिनं स्वतः पत्र लिहिलं, माझ्याकडून तपासूनही घेतलं नाही. घर माझ्या नवऱ्याच्या फुप्फुसांच्या पैशातून घेतलेलं आहे, व्यवहाराच्या वेळी तो जिवंत होता, नव्या खरेदीखतावर सही झाली तेव्हाही जिवंत होता, तर त्याचं नाव माझ्या आधी लिहावं आणि पुढे हवं तर मृत लिहावं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, फार नम्र. नोंदणीत फक्त हयात मालकाचं नाव लिहिता येतं, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. म्हणजे सरकारच्या दफ्तरात घर हेडन पॅरीकडून नेस्टाकडे आलं, आणि ब्रिन हॉपकिन एक दिवससुद्धा त्याचा मालक नव्हता. हे तिनं रांगेत कुणाला सांगितलं नाही. मलाही सांगू नको म्हणाली, आणि आजवर मी सांगितलं नव्हतं.

दीड वर्षानं एका सकाळी हेडनच्या मुलीचा फोन आला. वडील गेले, अंत्यविधी शुक्रवारी अकरा वाजता, त्यांनी तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं. नेस्टानं मुलीची चौकशी केली, लहानपणी आजारी होता त्या भावाची केली, तो आता मोटारी दुरुस्त करतो म्हणे. वार आणि वेळ पाकिटाच्या मागे लिहून घेतली. मी विचारलं, गाडी काढू का शुक्रवारी?

"शुक्रवारी मला काम आहे," नेस्टा म्हणाली.

तिला काही काम नव्हतं. शुक्रवारी दिवसभर भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही.